मासळीबाजारातल्या बायका

मागे मंडळाच्या बैठकीत युद्धाच्या बातम्यांवरून बोलणे निघाले, तेव्हा एक भगिनी म्हणाल्या, "अहो, तिथे मोठमोठ्यांचे काही चालेना, तिथे आपण बायका काय करणार?" मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. पुढे लायबेरियाविषयी वाचताना तो प्रश्न पुन्हा आठवला.

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा हा लहानसा देश. अमेरिकेतून आलेल्या दास्यमुक्त लोकांनी १८४७ साली तो स्वतंत्र म्हणून जाहीर केला आणि पुढे शंभरावर वर्षे मूळच्या जमातींवर त्यांच्याच वंशजांनी राज्य केले. दास्यातून सुटलेल्यांनी इतरांना हलके लेखावे, हा केवढा दैवदुर्विलास! १९८० साली सॅम्युएल डो या सार्जंटने सत्ता बळकावली. १९८९च्या अखेरीस चार्ल्स टेलरने बंड केले, आणि मधली थोडी वर्षे सोडली तर २००३ पर्यंत रक्तपात चालला. सुमारे अडीच लाख माणसे गेली. लहान लहान पोरांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या. जमातींचे वैर होतेच, पण हिरे आणि इमारती लाकूड विकून शस्त्रे येत होती, हेही विसरून चालणार नाही.

२००३च्या एप्रिलात लेमा बोवी या बाईच्या पुढाकाराने मन्रोव्हिया शहरातील मासळीबाजाराजवळच्या मैदानात बायका येऊन बसू लागल्या. ख्रिस्ती आणि मुसलमान, सगळ्या पांढऱ्या वेषात. उन्हापावसात रोज बसत. मागणी एकच, शांतता. अखेर टेलरला, जो आता अध्यक्ष होता, त्यांना भेटावे लागले.

पुढे घानात वाटाघाटी सुरू झाल्या. पुढारी हॉटेलात राहत आणि इकडे मन्रोव्हियात तोफगोळे पडत! जुलैमध्ये बायकांनी सभागृहाच्या दाराशीच ठाण मांडले. करार होईतो कोणाला बाहेर सोडायचे नाही. अटक करायला माणसे आली तेव्हा बोवी अंगावरचे कपडे उतरवू लागली. आईने असे करणे तिकडे घोर शाप मानतात. माणसे मागे सरली. १८ ऑगस्टला करार झाला.

नुसत्या बायकांच्या बसण्याने युद्ध थांबले, असे मी म्हणणार नाही. बंडखोर राजधानीत शिरले होते, टेलरवर सिएरा लिओनसाठीच्या विशेष न्यायालयाचे आरोपपत्र होते, पश्चिम आफ्रिकेतल्या इतर देशांचे सैन्यही आले होते. पण दाराशी त्या नसत्या, तर आतले लोक आणखी किती दिवस बोलत बसले असते?

२००५च्या निवडणुकीत एलन जॉन्सन सर्लीफ ही बाई तिथे अध्यक्षपदी निवडून आली. टेलरला २०१२ साली ५० वर्षांची शिक्षा झाली, तीही शेजारच्या सिएरा लिओनमधील अपराधांसाठी. खुद्द लायबेरियातल्या बायकांना त्यात न्याय मिळाला नाही.

आणि २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या वतीने तिथे बंदोबस्ताला गेलेली पहिली सर्वस्वी स्त्रियांची पोलीस तुकडी आपल्या भारताची होती. २०१६ पर्यंत आपल्या मुली तिथे पहारा देत होत्या. त्या भगिनींच्या प्रश्नाला मी बैठकीत गप्प बसले, तेव्हा मला हे ठाऊकच नव्हते.