शोधयंत्राचा दप्तरखाना



इतिहास म्हटला की गडकिल्ले आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. दप्तरखान्याचा इतिहास सहसा कुणी सांगत नाही. आज सांगायचा आहे तो एका दप्तरखान्याचाच, गूगल या शोधयंत्राच्या.

आपण गूगलला काही विचारतो, तेव्हा ते त्या क्षणी जगभर हिंडून उत्तर आणीत नाही. संकेतस्थळांची पानं त्यानं आधीच वाचलेली असतात आणि कोणता शब्द कोणत्या पानावर आहे, याची सूची करून ठेवलेली असते. जे पान सूचीत नाही, ते विचारणाऱ्याच्या लेखी अस्तित्वातच नाही.

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोघा विद्यार्थ्यांनी १९९८ साली आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्या संग्रहात सुमारे २ कोटी ४० लाख पानं होती. पुढे पसारा वाढला. सूची महिन्याकाठी एकदा नव्यानं बांधायची आणि ठिकठिकाणच्या यंत्रशाळांत एकामागून एक पोचवायची, अशी रीत पडली. पोचायला काही दिवस लागत. तेवढ्या काळात एकच प्रश्न दोनदा विचारला, तर एकदा जुन्या सूचीतलं उत्तर येई, एकदा नव्या. सकाळी वरच्या दहांत असलेलं दुकान दुपारी दिसेनासं होई. संकेतस्थळवाल्यांनी या प्रकाराला 'गूगल डान्स' असं नाव ठेवलं. नाव गमतीचं खरं, पण ज्याचं गिऱ्हाईक त्या यादीतून येत होतं त्याचा जीव टांगणीला लागे.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले. लोकांनी गूगलला विचारलं, आणि जुन्या सूचीला त्या घटनेचा पत्ताच नव्हता! अखेर गूगलनं आपल्या पहिल्या पानावर सूचना लावली, की ताज्या बातमीसाठी रेडिओ किंवा दूरचित्रवाणीकडे वळावं. आकाशवाणीवरून हे सांगताना मला बरं वाटतं. असो.

२००३ च्या उन्हाळ्यापासून सूची रोज थोडी थोडी बदलू लागली. तरीही तिचे थर होते. मुख्य थर ताजा व्हायला दोनेक आठवडे लागत, कारण त्यासाठी सगळी पानं पुन्हा तपासावी लागत. ८ जून २०१० रोजी 'कॅफीन' ही नवी व्यवस्था पुरी झाल्याचं जाहीर झालं. तिच्यात पान सापडलं की लगेच सूचीत जाई. उत्तरं पन्नास टक्के अधिक ताजी झाली, असं कंपनीनं सांगितलं. साठा होता सुमारे १० कोटी गिगाबाइटचा.

हा बदल दप्तर ठेवण्याच्या पद्धतीतला होता, क्रम लावण्याच्या नियमांतला नव्हे. पण दप्तर बदललं की निवाडा जसाच्या तसा राहत नाही. सूची झपाट्यानं वाढली, तशी चांगल्या पानांबरोबर उथळ पानंही भराभर आत आली. वाचायला बरी, आत काही नाही अशी. गूगलच्याच अमित सिंघल यांनी पुढच्या वर्षी ही अडचण बोलून दाखवली. तेव्हा चाळणी बसवणं भाग पडलं. फेब्रुवारी २०११ मध्ये 'पांडा' नावाचा नियम आधी अमेरिकेत लागू झाला आणि तिथल्या ११.८ टक्के प्रश्नांची उत्तरं हलली. पुष्कळ संकेतस्थळांची वाचकसंख्या एकदम घसरली, आणि तिच्यावर चालणारं उत्पन्नही.

अलीकडचा बदल मोबाइलचा. पूर्वी सूची संगणकावरच्या पानावरून होत असे. ती मोबाइलवरच्या पानावरून करायचा बेत नोव्हेंबर २०१६ मध्ये जाहीर झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पुरा झाल्याचं सांगण्यात आलं. तेव्हा ज्या शिक्षकांकडे शाळेचं संकेतस्थळ आहे त्यांनी ते एकदा मोबाइलवर उघडून पाहावं. जागा पुरेना म्हणून तिथे गाळलेला मजकूर संगणकावर कितीही ठळक दिसो, सूचीत तो जात नाही.