उंच बॉनेटखालचं ट्रॅक्टरचं इंजिन

आपल्या बॅचमधल्या बहुतेकांनी आमच्या जीपमधून कधी ना कधी प्रवास केला आहे. सुपारीच्या गोणींवर बसून अलिबागला कबड्डीच्या सामन्यांना गेलेले तर डझनभर तरी निघतील. पण त्या जीपच्या पोटात ट्रॅक्टरचं इंजिन होतं, हे किती जणांना ठाऊक होतं कोण जाणे. संपादक मंडळाने इतिहासावर लिहायला सांगितलं. आंग्र्यांवर आणि कोर्लईच्या किल्ल्यावर लिहिणारे माझ्याहून जाणते लोक आपल्यात आहेत, तेव्हा मी रेवदंड्याच्या एका गाडीवर लिहितो.

महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकात मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. आपण लहानपणी पाहिली ती उंच बॉनेटची जीप त्यानंतरची, सीजे-३बी. विलीजने ती १९५३ साली अमेरिकेत काढली. तिच्या ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये गेले. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि ते झाकायला बॉनेटही वर चढवावं लागलं. ही उंची पुढे फारच कामाला आली.

अण्णांनी ही जीप जुनीच घेतली होती. सरकारी अधिकाऱ्यांना, ज्यांच्या पेट्रोलचं बिल सरकार भरतं, त्यांना ती छान होती. आमच्याकडे लिटरला सहा-सात किलोमीटर म्हणजे चैनच. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध झालं आणि काही महिन्यांत जगात कच्च्या तेलाचा भाव चौपट झाला. डिझेलही महागलं, पण पेट्रोलपेक्षा ते बरंच स्वस्त राहिलं. माल वाहून पोट भरणाऱ्यापुढे दोनच वाटा उरल्या: गाडी विकायची, नाहीतर तिचं इंजिन बदलायचं. अण्णांनी १९८० साली दुसरी वाट धरली. घरात त्यावरून महिनाभर वाद चालला होता, कारण त्यासाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या.

इंजिन कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणलं. ते इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरचं होतं. महिंद्रने व्होल्टास आणि अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर १९६३ साली ट्रॅक्टरची कंपनी काढली, तिचा हा ट्रॅक्टर. गंमत म्हणजे कंपनी स्वतःही याच विचारात होती. १९७९ साली तिने प्यूजोकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि १९८५ च्या एमएम ५४० मध्ये ते बसवलं.

हे काम करायला आमच्याकडे माणूस कुठून आला? बंदरावरून. किनाऱ्यावरच्या होड्यांना तोवर डिझेल इंजिनं लागली होती आणि वाड्यांत रहाट जाऊन किर्लोस्करची पाच हॉर्सपॉवरची इंजिनं आली होती. पंपातली हवा काढणं, नोझल साफ करणं हे आमच्या किनाऱ्यावर मोटारी येण्याआधीपासून लोकांना येत होतं. आमचे मिस्त्री होड्यांची इंजिनं करणारे. त्यांनी चासीवर नवीन फाउंडेशन वेल्ड केलं, इंजिन आणि जुना गिअरबॉक्स जोडायला जाड पत्र्याची प्लेट लेथवर करून आणली, पुढच्या पाट्यांत एकेक जास्तीचा पाटा टाकला. उंच बॉनेट होतं म्हणून ट्रॅक्टरचं इंजिन खाली मावलं.

खरी कथा बसवल्यानंतरची आहे. पेट्रोल इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घ्यायचं, हे दोन हजारांच्या आसपास दमायचं. गिअर आणि मागचा डिफरन्शियल मात्र जुनेच. हिशेब सोपा आहे: चाकाला एका फेऱ्यासाठी इंजिनाचे साडेपाचच्या जवळपास फेरे लागत, म्हणजे ताशी पन्नासला गाडीचा जोर संपला. अलिबागपर्यंतच्या रस्त्यात एसटी आम्हाला दोनदा ओव्हरटेक करायची, मधल्या थांब्यांमुळे. बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे. वर्ष-दीड वर्षाने फाउंडेशनची वेल्डिंग तडकायची, कारण खाऱ्या हवेने चासी आधीच पोखरलेली. किल्ली फिरवून इंजिन बंद होत नसे. डॅशबोर्डखालची मूठ ओढावी लागे.

आणि वायपर! जुन्या जीपचा वायपर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालायचा. डिझेलमध्ये हवेची वाट अडवणारा थ्रॉटल नसतो, म्हणून तसा व्हॅक्यूमही नसतो. कोकणच्या पावसात एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्याने वायपरची दांडी, अशी अण्णांनी दोन वर्षं काढली. मग इलेक्ट्रिक मोटर आली. पण त्याच पावसात आजूबाजूच्या पेट्रोल गाड्या डिस्ट्रिब्युटर ओला होऊन बंद पडत. आमच्या इंजिनाला प्लगच नव्हते, तर भिजणार काय? लिटरला अकरा किलोमीटर मिळू लागले आणि चौथ्या वर्षी पाटल्या घरी आल्या. मधल्या काळात कुलाबा जिल्ह्याचा १ जानेवारी १९८१ ला रायगड झाला. १९८६ साली साळावचा पूल झाल्यावर कुंडलिकेपलीकडचा मालही आमच्याकडे येऊ लागला.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा अण्णा नव्हते. रस्त्यावर आडवी झालेली माडं आणि आंबे आम्ही याच जीपने फोर-लोमध्ये साखळी लावून ओढले. दुप्पट ताकदीच्या नव्या गाड्या पाडलेल्या झाडांमागे अडकून उभ्या होत्या. ट्रॅक्टरचं इंजिन ट्रॅक्टरचंच काम करत होतं.

आता जुन्या जीप जमवणाऱ्या एका गृहस्थांचा निरोप आला आहे. किंमत चांगली देतात. डिझेल काढून भंगारात घालणार आणि अस्सल हरिकेन बसवून गाडी ‘मूळ रूपात’ आणणार. मला हे मूळ रूप कळत नाही. हरिकेन या गाडीत अठरा वर्षं होतं, ट्रॅक्टरचं इंजिन चाळीसहून जास्त. माझ्या मुलाचं म्हणणं, विकावी. दर पावसाळ्याआधी चासीला खालून जळकं ऑइल कोण फासणार? त्याचंही चूक नाही, कारण हल्ली ते तोच फासतो. गृहस्थांना मी कळवलं की इंजिनासकट, आहे तशी ठेवणार असाल तर या. अजून उत्तर आलेलं नाही.