नारू, हापसा आणि विजेचं बिल

आजोबांच्या डाव्या घोट्यावर एक खोलगट वण होता. आम्ही पोरं त्यावर बोट ठेवून गोष्ट मागायचो आणि ते दरवेळी तीच सांगायचे. आधी फोड यायचा, मग तो फुटायचा आणि आतून सुतासारखा पांढरा नारू डोकं काढायचा. तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस अंथरुणाला खिळलाच म्हणून समजा. "पेरणीच्या ऐन दिवसांत निघायचा मेला. तिफण दारात अन् मी खाटंवर," आजोबा म्हणायचे.

जालना भागातल्या आमच्या गावाला तेव्हा पायऱ्यांची बारव होती. बायका उतरून पाण्यात पाय बुडेपर्यंत जायच्या आणि घागर भरायच्या. नारू फुटलेला पाय पाण्यात पडला की त्यातून हजारो अळ्या सुटत. सायक्लॉप्स नावाचा डोळ्यांना जेमतेम दिसणारा जलजीव त्या गिळायचा आणि तो जीव पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जायचा. वर्षभरानं नवा नारू तयार. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण ती लुगड्याचं दुपदरी धडपं घागरीच्या तोंडाला बांधल्याशिवाय पाणी ओतायची नाही. मग आजोबांना नारू झालाच कसा, असं विचारलं की ती फणकारायची, "रानात कोण गाळून पितंय?"

त्या बारवेवर सगळ्यांना उतरता येत नव्हतं, हे आजोबा गोष्टीत सांगत नसत. ते आजीनं सांगितलं. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या बायका काठावर घागरी मांडून बसत आणि वरून कुणी पाणी ओतेल याची वाट बघत. पाण्यावरच्या याच हक्कासाठी झालेला महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा. आजी सांगायची तो काळ त्याच्या कितीतरी नंतरचा. पाणी सर्वांना मिळायचं तर आधी माणसांनी हात आखडता घेता कामा नये, हा धडा कुठल्याही अभियंत्याच्या आराखड्यात नसतो.

मग १९७२ चा दुष्काळ आला. पाऊस गेला, आड आटले. आजी रात्री आडात उतरून वाटीनं झऱ्याचं पाणी गोळा करायची; एक घागर भरायला पहाट व्हायची. दिवसा सडकेच्या कामावर खडी फोडायची आणि घरी लाल मिलो ज्वारीची भाकरी. पुढे कायदा होऊन राज्यभर रुजलेली रोजगार हमी योजना याच काळातली.

आड आटले तरी खाली पाणी होतं. आमच्याकडचा काळा पाषाण म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. त्याच्या भेगांत पाणी असतं, पण खोल. हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांनी तिथवर भोकं पाडता येऊ लागली, पण वर बसवायला टिकाऊ पंप नव्हता. बिडाचे घरगुती पंप एका कुटुंबापुरते बनवलेले. सगळं गाव त्यावर लोटलं की महिन्या-दोन महिन्यांत मोडत. यावर तोड निघाली ती आपल्याकडेच. जालन्यात आणि सोलापुरात ख्रिस्ती मिशनच्या विहीर-कामांवरच्या कारागिरांनी पोलादी पंप घडवले. सोलापूरच्या पंपावरून पुढे युनिसेफच्या मदतीनं 'इंडिया मार्क टू' तयार झाला आणि आफ्रिकेतल्या खेड्यांपर्यंत पोचला. दांड्याला साखळी, खाली सिमेंटचा ओटा, सांडपाण्याला वाट. बस्स. पाण्यात कुणाचा पाय पडायचा प्रश्नच उरला नाही.

नारूवर औषध नव्हतं, लसही नव्हती. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, त्यात पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त झाल्या, गाळणी वाटली गेली, हापसे बसले. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणित केलं. ज्याच्या वणावर आम्ही बोट ठेवायचो तो रोग माझ्या मुलांना शब्दानंही माहीत नाही.

आजी मात्र हापशाचं कौतुक अर्धंच करायची. "रोग गेला खरा, पण खांदा गेला." पाणी वर यायला ताकद लागतेच; हापशाच्या काळात ती बाईच्या दंडातून यायची. म्हणून नळयोजना आली तेव्हा तिनं टाकीला हळदकुंकू वाहिलं. पुढे पंचायतीचं बिल थकलं, मोटारीची वीज तुटली, आणि बायका पुन्हा हापशावर. वीज असे तेव्हाही भारनियमनामुळे ती येई रात्री दोनला.

एक हिशेब मांडून बघा. दोन हजार वस्तीचं गाव, माणशी ५५ लिटर, म्हणजे रोज एक लाख दहा हजार लिटर. ते साठ मीटर उचलायला, पंपातला निम्मा व्यय धरून, साधारण ३६ युनिट लागतात. पाच माणसांच्या घरामागे नऊ वॅटचा एक दिवा दहा तास जळेल एवढी वीज. म्हणजे अडचण विजेच्या तुटवड्याची कमी आणि ती वेळेवर मिळण्याची, बिल भरण्याची, जळालेली मोटार काढून बसवण्याची जास्त. जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झालं तेव्हा देशातल्या ग्रामीण घरांपैकी जेमतेम १७ टक्क्यांत नळ होते. नंतर कोट्यवधी जोडण्या झाल्या. तोटी बसवणं सोपं असतं. ती रोज वाहती ठेवणं अवघड.

सौरपंप इथे खरंच कामाचा आहे. एकाच बोअरमध्ये वर हापसा आणि खाली सौर मोटार, असे दुहेरी पंप राज्यात बसलेत. दुपारी ऊन असताना टाकी भरते आणि बॅटरीची गरजच राहत नाही, कारण साठवण पाण्याचीच होते. पण त्याच उन्हावर शेजारच्या उसाच्या रानातली मोटारही दिवसभर चालते, बिलाविना. ऊन फुकट म्हणून पाणी फुकट होत नाही. भूगर्भातली भेग एकच आहे. जो आधी आणि खोल जाईल तो ती रिकामी करतो. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर खणायची नाही, असं महाराष्ट्राचा १९९३ चा कायदा सांगायचा. तो किती गावांत पाळला गेला, हे आपल्या गावाच्या शिवारात एक चक्कर मारली की कळतं.

म्हणून टाकीच्या उद्घाटनाला टाळ्या वाजवा, पण तेवढ्यावर थांबू नका. तिसऱ्या उन्हाळ्यात ग्रामसभेत उभं राहून तीन प्रश्न विचारा: बिल कोण भरतंय, मोटार कोण दुरुस्त करतंय, आणि पाचशे मीटरच्या आत नवं बोअर कुणाचं आहे? तिन्हींची उत्तरं मिळाली तरच त्या गावात पाणी आलं असं म्हणता येईल.