शहाडचा धागा आणि शेतातले पाचट

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेल्या लोकलचे पहिलेच स्टेशन शहाड. तिथला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना १९५६ साली सुरू झाला. रेयॉनला लोक नकली रेशीम म्हणत. पण त्यात रेशमाचा किडाही नाही आणि कापसाचे बोंडही नाही. तो धागा लाकडाचा! लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया करायची, की मधासारखा दाट द्रव तयार होतो. तो बारीक छिद्रांतून आम्लाच्या पाण्यात सोडला की त्याचा धागा बनतो. ही युक्ती क्रॉस, बेव्हन आणि बीडल या इंग्रज रसायनज्ञांनी १८९२ साली शोधली.

लाकडातल्या ज्या द्रव्याचा हा धागा होतो, त्याचे नाव सेल्युलोज. फ्रान्सच्या पायेन यांनी ते १८३८ साली ओळखले. आता पाहा, हेच सेल्युलोज उसाच्या पाचटात आहे, भाताच्या पेंढ्यात आहे, तुरीच्या तुराट्यांत आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांतही आहे. मग आपण पाचट पेटवून का देतो?

कारण ते सुटे मिळत नाही. कुडाची भिंत आठवा. आतल्या काठ्या म्हणजे सेल्युलोज आणि वरचे लिंपण म्हणजे लिग्निन नावाचे चिवट द्रव्य. हे लिंपण काढणे हेच खरे कष्टाचे काम. शिवाय सेल्युलोज म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब साखळी. ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१९ सालीच लिननच्या चिंध्यांवर गंधकाम्ल घालून त्यांची साखर केली होती. पण आम्लाचा खर्च फार, आणि झालेली साखरही आम्लात नासते.

अमेरिकेत १९२२ च्या सुमारास एका धान्यकंपनीने वेगळी वाट काढली. ओटच्या टरफलांपासून तिने फरफ्युराल हे रसायन काढले. वंगणाचे तेल शुद्ध करायला आणि राळ बनवायला ते उपयोगी पडते. मक्याच्या बुरकुंडापासूनही ते निघते.

साखळी तोडण्याचा खरा उपाय मात्र दुसऱ्या महायुद्धात सापडला, आणि तोही एका तक्रारीतून. पॅसिफिक बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू कुजू लागले. ते खाणारी बुरशी प्रयोगशाळेत आणली गेली. एल्विन रीज आणि मेरी मँडेल्स यांनी तिचा पुढे वर्षानुवर्षे अभ्यास केला. ही बुरशी जी विकरे सोडते, ती सेल्युलोजची साखर करतात. त्या साखरेला यीस्ट लावले, की मळीसारखेच तिचेही मद्यार्क होते. त्यालाच आज इथेनॉल म्हणतात.

महाराष्ट्रात पुण्याच्या प्राज कंपनीने २०१७ साली दौंडजवळ याचा प्रात्यक्षिक कारखाना उभारला. तिच्याच तंत्राने हरयाणात पानिपत येथे इंडियन ऑइलचा मोठा कारखाना १० ऑगस्ट २०२२ रोजी देशाला अर्पण झाला. वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढा आणि ३ कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची आखणी. म्हणजे टनामागे दीडशे लिटर.

आकडा ऐकून हुरळून जाऊ नये, बरं का. पाचट हलके असते. गाडी भरते, पण वजन भरत नाही. गोळा करणे, गठ्ठे बांधणे, वाहून नेणे, हा खर्च वजा जाता हाती काय उरते, ते आधी मांडून पाहावे. दुसरे असे की पाचटावर पहिला हक्क जमिनीचा. खोडव्यात पसरलेले पाचट ओल धरते, तण दाबते आणि कुजून खत होते. सगळेच विकले तर जमीन उघडी पडते. जाळले तर जमीनही उपाशी आणि आपणही.

म्हणून कारखान्याचा माणूस बांधावर आला, तर दोन प्रश्न जरूर विचारावेत. वाहतूक कोणाकडे? आणि शेतात किती पाचट ठेवायचे? याची उत्तरे कागदावर आली, तर मग खुशाल सौदा करावा.