जुन्या इंजिनाचं तेल

बैलगाडीच्या आखाला वंगण लागतं, हे खेड्यातल्या पोराला शिकवावं लागत नसे. गाडीखाली वंगणाचं नळकांडं लटकलेलं असायचं. चाक करकरलं की गाडीवान खाली उतरायचा. मोटारीचं वंगण मात्र बॉनेटखाली असतं आणि आपण तिकडे बघत नाही. मीही बघत नव्हतो.

१९९७ सालची गोष्ट. बी.ए. होऊन मी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या हिशेबखात्यात लागलो होतो. पुणे रस्त्यावरची, मोहोळ तालुक्यातली ही वसाहत. रात्री परतायला एसटी मिळायची मारामार. म्हणून आम्ही चौघांनी वर्गणी काढून जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, लाखावर किलोमीटर पळालेली. एजंटाने चालू करून दाखवली तेव्हा ना धूर, ना आवाज. महिन्याने तेल बदललं आणि मागून निळा धूर निघू लागला. पेट्रोलचा हिशेब मी पैशापैशाने लिहीत होतो, पण तेलाची पट्टी एकदाही ओढून पाहिली नाही. एका रात्री हायवेवर इंजिनात ठोके पडू लागले आणि गाडी थांबली ती थांबलीच.

फाट्यावरच्या उस्तादाने इंजिन उघडलं. “भाईजान, आधी यात गिअरचं जाड तेल मिसळलं असणार. त्याने आवाज दबतो, धूरही दबतो. तुम्ही बरोबर तेल घातलंत, पण इंजिन ते पीत होतं. तुम्ही पाहिलंच नाही.” बेअरिंग जळालं होतं, क्रँक खराब झाली होती. आपला वाटा भरायला चौघांतल्या एकाने बायकोच्या बांगड्या गहाण ठेवल्या. मला तो काही बोलला नाही.

तेव्हापासून डब्यावरचे आकडे वाचायची सवय लागली. तेलाच्या जाडपणाला आकडे देण्याची पद्धत एसएई या अमेरिकन संस्थेने १९११ मध्ये सुरू केली. पुढे १९५० च्या दशकात थंड आणि गरम, दोन्ही इंजिनाला चालणारी मल्टिग्रेड तेलं बाजारात आली. ‘२० डब्ल्यू-४०’ मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतला. २० डब्ल्यूची कसोटी उणे १५ अंशांना लागते. सोलापूरला ती थंडी कुठली! आपल्याला महत्त्वाचा दुसरा आकडा. तो १०० अंश तापलेल्या तेलाचा जाडपणा सांगतो.

इंजिन झिजलं की बेअरिंगमधल्या फटी वाढतात, रिंगा सैल होतात. पातळ तेल तिथून निसटतं आणि जळतं. तरी पहिला मान गाडीच्या पुस्तिकेला. तिच्यात २० डब्ल्यू-४० असेल आणि गाडी तेल खात असेल, तर २० डब्ल्यू-५० घालून पाहावं. एकच पायरी वर. त्याहून जाड तेल सकाळी पहिल्या सेल्फला वरपर्यंत पोहोचायला वेळ घेतं, आणि तेवढ्यात झीज होते. उलट, आजच्या नव्या गाड्यांचं ० डब्ल्यू-२० महाग आहे म्हणून जुन्या गाडीला घालणं हा शुद्ध वेडेपणा.

आणखी एक गंमत. जस्त आणि फॉस्फरसचं एक संयुग जुन्या इंजिनातल्या घासणाऱ्या भागांना फार जपतं. पण फॉस्फरस धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधतो, म्हणून २००४ मध्ये आलेल्या नव्या मानकात हलक्या ग्रेडच्या तेलांत तो आणखी कमी केला गेला. म्हणजे नवं तेल ते चांगलं, हे प्रत्येक गाडीला लागू नाही. खास जास्त पळालेल्या गाड्यांसाठीचं तेल व्हॅल्व्होलिनने अमेरिकेत २००० साली काढलं. कडक झालेली रबरी सीलं मऊ करणारी द्रव्यं त्यात असतात. गळती थोडी असेल तर त्याने थांबते. झिजलेली रिंग मात्र कोणतंही तेल भरून काढत नाही; तिथे इंजिनकामच.

ती पद्मिनी पुढे सहा वर्षं चालली. दर रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, गाडी सपाट जागी लावून मी पट्टी काढायचो, जुन्या बनियनच्या फडक्याला पुसून पुन्हा घालायचो आणि दोन खुणांच्या मध्ये तेल कुठे आहे ते पाहायचो. ज्याच्या घरच्या बांगड्या गेल्या होत्या, तो शेजारी उभा राहून आकडा वहीत लिहायचा.