कारागिराचे नाव

वेरूळचे कैलास लेणे कोणी खोदविले, असे विचारले तर शाळेतील मुलगाही राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचे नाव सांगेल. परंतु ते खोदले कोणी, असे विचारताच जाणती माणसेही गप्प होतात. राष्ट्रकूटांच्या गुजरातेतील शाखेचा राजा कर्क याचा इ. स. ८१२ मधील एक ताम्रपट बडोद्यास सापडलेला आहे. हे आपल्या हातून घडले तरी कसे, याचे खुद्द शिल्प्यालाच नवल वाटले, असे वर्णन त्यात आहे. शिल्प्याचा विस्मय नोंदविण्याइतके औदार्य ताम्रपटाच्या कवीपाशी होते; त्याचे नाव मात्र त्याने नोंदविले नाही.

ही झाली राजेरजवाड्यांच्या काळची गोष्ट. आजच्या शास्त्रीय युगात तरी कारागिराची स्थिती पालटली आहे काय, याचा विचार एका अर्वाचीन उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे.

जिनीव्हा शहराजवळ सर्न नावाची संशोधनसंस्था १९५४ साली स्थापन झाली. तेथे भूमीखाली २७ किलोमीटर परिघाच्या वर्तुळाकार भुयारात प्रोटॉन नामक कण प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळवितात व त्या आघातातून काय उडते ते पाहतात. पाहण्याचे काम करणाऱ्या यंत्रांपैकी सीएमएस हे एक असून त्याचे वजन सुमारे १४,००० टन आहे. भारताने सर्नशी १९९१ साली सहकार्याचा करार केला. पुढे या यंत्राचे काही भाग भारतात तयार झाले, आणि त्यांतच मुंबईच्या ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राकडे सिलिकॉनचे शोधक तयार करण्याची कामगिरी आली.

हा शोधक म्हणजे अतिशुद्ध सिलिकॉनची चौकोनी चकती होय. बाजू सुमारे ६३ मिलिमीटर आणि जाडी एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही किंचित कमी. तिच्या पृष्ठावर ३२ समांतर पट्ट्या आखलेल्या असतात. चकतीवर विद्युद्दाब ठेवला असता एखादा विद्युद्भारित कण तिच्यातून आरपार गेला की हजारो इलेक्ट्रॉन मोकळे होतात, आणि ज्या पट्टीवर विजेचा स्पंद उमटतो तिच्यावरून कण कोठून गेला हे कळते. विद्युत्मंडले बनविण्याची रीत अशा शोधकांना लागू करून दाखविण्याचे श्रेय म्युनिचच्या योझेफ केमर यांना, १९८० सालच्या त्यांच्या कामासाठी, दिले जाते. सीएमएसच्या प्रीशॉवर नामक भागात अशा ४,२८८ चकत्या आहेत. दोन प्रकाशकण अगदी शेजारून आले असता ते एकच भासू नयेत, यासाठी त्यांची योजना आहे. त्यांपैकी सुमारे १,००० चकत्या भाभा केंद्राने बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या कारखान्याच्या साहाय्याने पुरविल्या.

आता या कामातील हातांकडे वळू. चकती निर्धूळ खोलीत हाताळावी लागते. अंगभर झगा, तोंडावर पट्टी, हातात मोजे. उघड्या बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी चकती बिघडावयाची. विद्युद्दाब चढवीत नेऊन प्रत्येक पट्टीतून किती वीज गळते ते मोजावयाचे व उणी ठरलेली चकती बाजूस काढावयाची. मग चकती सिरॅमिकच्या बैठकीवर चिकटवावयाची, आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून केसाहून बारीक अशा ॲल्युमिनियमच्या तारांनी एकेक पट्टी विद्युत्मंडलाशी जोडावयाची. तार फार दाबली तर तुटते, कमी दाबली तर धरत नाही. हा अदमास कोणत्याही सूत्रात सापडत नाही. तो हाताला सवयीनेच येतो. शिवाय एकदा यंत्र मिटले की आतील चकती सहज बदलता येत नाही. म्हणून पहिलेच काम अखेरचे समजून करावे लागते.

एका सांध्याचे मोल किती, हे इतिहासानेच सांगून ठेवले आहे. १० सप्टेंबर २००८ रोजी सर्नच्या भुयारात प्रोटॉनांचा झोत प्रथम फिरला. अवघ्या नवव्या दिवशी चुंबकांना वीज पोहोचविणाऱ्या सुमारे दहा हजार सांध्यांपैकी एक सदोष सांधा जळाला, कित्येक टन हेलियम वाया गेले आणि चुंबकांची मोठी हानी झाली. झोत पुन्हा फिरू लागण्यास २० नोव्हेंबर २००९ उजाडला. मधल्या काळात, २००९ च्या पूर्वार्धात, प्रीशॉवर यंत्रात बसविला गेला. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज कणासारखा नवा कण सापडल्याची घोषणा झाली आणि साऱ्या जगाने टाळ्या वाजविल्या.

त्या कणाचे वस्तुमान सांगणारा एक निबंध २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांची संख्या ५,१५४ असून ३३ पानांपैकी २४ पाने नावांनी व संस्थांनी भरली आहेत! एवढी मोठी नामावली शास्त्राच्या इतिहासात तोवर झाली नव्हती. तरीही अशा निबंधांत तंत्रज्ञांच्या वाट्यास सामान्यतः येते ते शेवटचे आभाराचे एक सामुदायिक वाक्य. विलक्षण गोष्ट अशी की, प्रत्येक चकतीला क्रमांक असतो आणि तिची मोजमापे टिपून ठेवलेली असतात. चकतीची जन्मपत्रिका आहे. ती जोडणाऱ्याची नाही.

यात शास्त्रज्ञांचा कमीपणा दाखविण्याचा माझा हेतू नाही. कल्पना त्यांची, गणित त्यांचे, जबाबदारीही त्यांचीच. परंतु हाताचे काम बुद्धीच्या कामाहून हलके, हा समज आपल्या समाजात फार खोल रुजलेला आहे. चकलांब्यासारख्या गावातील मुलगा औद्योगिक प्रशिक्षण घेऊ लागला की त्याला पुढे शिकता आले नाही म्हणून घरचे हळहळतात. शहरांतील सुशिक्षित घरांतही याहून निराळे ऐकू येत नाही. ज्या हातांवाचून विश्वाच्या घडणीविषयीचे सिद्धांत पडताळताच येत नाहीत, ते हात अशिक्षित कसे म्हणावे?

कैलासाच्या शिल्प्याचे नाव आता शोधून सापडावयाचे नाही. ट्रॉम्बे व बंगळूर येथे चकत्या घडविणाऱ्यांपैकी पुष्कळजण मात्र अद्याप हयात असतील. त्यांच्या आठवणी, त्यांच्या युक्त्या आणि त्यांची नावे संस्थांनी आजच लिहून ठेवावीत. आणि आपण पालकांनी, मुलगा अगर मुलगी कारागिरीकडे वळली तर ती बातमी शेजाऱ्यांना मान खाली न घालता सांगावी.