सैनिकी हेलिकॉप्टर वैमानिक
सैन्यदलात हेलिकॉप्टर चालविणारा अधिकारी. भारतीय भूसेनेची हवाई शाखा 1 नोव्हेंबर 1986 रोजी स्थापन झाली. तिची स्वतंत्र प्रशिक्षण शाळा 2003 पासून नाशिकच्या गांधीनगरात आहे. या पेशात येण्यासाठी, उदाहरणार्थ, सोलापूरच्या विद्यार्थ्याला साताऱ्याची सैनिकी शाळा (स्थापना 1961) आणि खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी हा एक मार्ग खुला आहे. 2022 मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक नाशिकहून भूसेनेच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या.

या पेशात यंत्रकौशल्याइतकाच निर्णयशक्तीचाही कस लागतो. सियाचीनच्या विरळ हवेत हेलिकॉप्टरची वहनक्षमता घटते. तेथे रसद किती न्यावी, जखमीसाठी कोठे उतरावे, हे वैमानिकच ठरवतो. ड्रोनमुळे त्याची गरज संपेल, हा आक्षेप टेहळणीपुरता ग्राह्य आहे. परंतु बदलत्या वाऱ्यात जखमी जवानाला उचलण्याची जबाबदारी आजही प्रशिक्षित माणसावरच सोपवावी लागते.